खुर्चीविना मैफल

एडिसन, न्यू जर्सी

ती. आईस,


ग्रुपवर जावयांचा कानटोपीतला फोटो बघून तू लगेच फोन केलास, पण माझ्या कानात तेव्हा शिट्ट्या वाजत होत्या. निम्मं ऐकूच आलं नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

तुझ्या नातीने आम्हाला शनिवारी न्यूयॉर्कला रॉक बँड ऐकायला नेलं. तुम्ही दोघं प्रत्येक सुट्टी ओक ट्री रोडवर भेंडी निवडण्यात घालवता, असं तिचं म्हणणं. खाण्याचा डबा आत नेऊ देत नाहीत, म्हणून थालीपीठं आगगाडीतच उरकली. समोरच्या बाई फार टक लावून बघायला लागल्या, तेव्हा त्यांनाही अर्धं दिलं.

डिलॅन्सी स्ट्रीटवर बावरी बॉलरूम म्हणून १९२९ सालची इमारत आहे. माणसं मावतात जेमतेम पावणेसहाशे, आणि खाली खुर्ची एकही नाही! तू सवाई गंधर्व महोत्सवाला सतरंजी, उशी, थर्मास आणि पाठीला तक्क्या असा संसार घेऊन जातेस. इथे तीन तास उभं राहायचं, तेही तिकीट काढून. टेकायला भिंत शोधायला गेले तर आमच्याच वयाच्या मंडळींनी ती आधीच धरलेली. पिकलेल्या दाढ्या, गुडघ्यांना पट्टे! नातच काय ती तरुण दिसत होती. इथले रसिक सभागृहातही लोकरी टोप्या काढत नाहीत, त्यामुळे जावयांची कानटोपी झकास खपून गेली. एकाने तर ती कुठे मिळते म्हणून विचारलं. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण हे प्रसंगाला शोभेल असे कपडे घालून आलेले मी पहिल्यांदाच पाहिले.

बँडचं नाव यो ला टेंगो. माणसं तीनच. इरा कॅप्लन गिटार वाजवतात, त्यांच्या पत्नी जॉर्जिया हबली ड्रम्स, आणि धिप्पाड जेम्स मॅकन्यू बेस. पण तिघंही गातात आणि अधूनमधून वाद्यांची अदलाबदलही करतात. नवरा-बायकोंनी १९८४ साली आपल्या शेजारच्या हॉबोकेनमध्ये बँड काढला, आणि तो अजून मोडला नाही. (बँडही नाही आणि लग्नही नाही. रॉकवाल्यांत हे म्हणजे अगदीच आक्रीत, असं नात म्हणते.)

आता गाण्याविषयी. सुरुवातीला इतकं हळू गातात, की शेजारच्याचा श्वास ऐकू यावा. मी म्हटलं, चला, झोप तरी लागेल. तेवढ्यात इरांनी गिटार स्पीकरजवळ नेली, आणि कुकरची पंधरावी शिट्टी अडकून बसावी तसा आवाज सुरू झाला. थांबेचना! ते गिटार झुलवतात, आपटतात, तिच्याशी भांडतात. मागे जॉर्जियाबाई मात्र चेहऱ्यावरची रेषही न हलवता ठेका धरून बसलेल्या. जावई आधी ऐटीत म्हणाले, "चारच मात्रा तर आहेत, यात काय!" दहा मिनिटांनी त्यांची सम हरवली, बाईंची नाही. नवरा कुठेही भरकटला तरी परत कुठे यायचं हे ती ठेक्यातून सांगत असते. मला तर सगळा बँड तिथेच कळला, आणि मी यांच्याकडे जरा अर्थपूर्ण बघितलं. ते मात्रा मोजत होते.

हा त्यांचा हनुकाचा उत्सव. ज्यूंच्या सणाच्या आठ रात्री ओळीने वाजवतात. सण चांद्रमासावर असल्याने आपल्या दिवाळीसारखा तारखा बदलतो. रोज गाणी वेगळी, आधी गाणारा पाहुणा कोण ते गुपित, मध्ये एक विनोदी कलाकार, आणि कमाई रोज नव्या संस्थेला. त्या कलाकाराचे विनोद मला कळले नाहीत. यांना कळले, पण घरी आल्यावर.

हे सगळं २००१ मध्ये हॉबोकेनच्या मॅक्सवेल्स नावाच्या क्लबमध्ये सुरू झालं. तू आली होतीस तेव्हा वॉशिंग्टन स्ट्रीटवरून बाबागाडी ढकलताना "हे लोक थंडीत रांग लावून काय घेतात गं?" म्हणून विचारलं होतंस, ते हेच दुकान असणार. २०१३ मध्ये बँडने ते सोडलं नाही, मॅक्सवेल्सच बंद पडलं. पुढे २०१७ पासून हा उत्सव बावरीत भरतो.

सगळ्यात महत्त्वाचं राहिलंच. काही वर्षी शेवटच्या रात्री इरांची आई मंचावर येऊन गायली आहे. मुलाच्या बँडबरोबर, भर गर्दीत! नातीने हे सांगितल्यापासून जावयांच्या डोक्यात एकच घोळतंय. सवाई आटोपली की तुला इकडे आणायचं म्हणतात. तेव्हा व्हिसाचे कागद काढून ठेव आणि येताना गोडा मसाला आण. सतरंजी मात्र आणू नकोस, आत सोडणार नाहीत.

बाबांना नमस्कार.

तुझी,
बबडी

ता. क. कानटोपी आणखी दोन पाठव. नातीच्या मित्रांना हव्या आहेत.