पल्स मोजणारे गुरुजी

खर्ड्यात इतिहास शिकवणाऱ्या मास्तरला तक्ते-नकाशे लागत नाहीत. निंबाळकरांचा भुईकोट गावालगत उभा आहे, आणि ११ मार्च १७९५ ची मराठे-निजामाची लढाई इथल्या पोरांना पाढ्यांच्या आधी येते. गुरुजींनी जन्मभर तीच शिकवली आणि निवृत्त झाल्यावर फंडाच्या पैशांतून कॉम्प्युटर घेतला. असे गुरुजी एकटे-दुकटे नव्हेत. मुलगा पुण्यात, एमएस-सीआयटीच्या वर्गात नातवाएवढ्या पोरांशेजारी बसून परीक्षा पास झालेले, आणि मॉनिटरवर काकूंनी विणलेलं कव्हर, अशा मास्तरांची एक जमातच तेव्हा तालुक्या-तालुक्यात तयार झाली होती. नाव तुमच्या गावच्या गुरुजींचं घाला, चालेल.

गुरुजींचं खरं राज्य डायलअपवर. १७२२३३ फिरवायचा; वेगळं खातं नको, जे काय होईल ते फोनच्या बिलात. मोडेम आधी किंचाळायचा, मग घरघरायचा, मग गप्प व्हायचा. तो गप्प झाला की घरानेही गप्प व्हायचं. "फोनला हात लावू नका रे!" ही आरोळी गल्लीच्या टोकापर्यंत जायची. जायलाच हवी होती, कारण गल्लीतले निम्मे लोक फोन करायला गुरुजींकडेच येत. कुणी चुकून रिसीव्हर उचललाच, तर नेट तुटायचं आणि गुरुजी त्या माणसाशी आठवडाभर बोलायचे नाहीत.

नेटवर नुसतं 'बसणं' त्यांना मान्य नव्हतं. काय बघायचं ते आधी कागदावर. पत्रं आधीच टाइप करून ठेवलेली. ब्राउझरमधली चित्रं बंद, कारण चित्र उतरायला पल्स जातो आणि "चित्रात वाचायला काय असतं?" पल्स म्हणजे बिलात एक कॉल धरायची मुदत, ती तीन मिनिटांची. दोन मिनिटं पन्नास सेकंद झाली की उजवा हात आपोआप उंदरावर. "एका पल्सात दोन पत्रं गेली, तीन आली," असं ते इतक्या समाधानाने सांगायचे, की ऐकणाऱ्यालाही आपले पैसे वाचल्यासारखं वाटावं.

दहावीच्या निकालाला तर ओट्यावर पाय ठेवायला जागा नसे. गुरुजी सगळ्यांचे बैठक क्रमांक एका कागदावर चढत्या क्रमाने उतरवून घेत. एक वाजता अख्खा महाराष्ट्र त्याच साइटवर तुटून पडायचा आणि पडदा पांढराफटक. बाहेर आया देवाला हात जोडून, आत गुरुजी मनगटावरचं घड्याळ बघत. पास झाल्याचा पेढा ते घेत, पल्सचे पैसे मात्र कधी घेतले नाहीत. हेही सांगायला हवं.

मग ब्रॉडबँडचं वारं आलं. २००४ च्या सरकारी धोरणाने २५६ केबीपीएसपासून पुढे ब्रॉडबँड असं ठरवलं, जानेवारी २००५ मध्ये बीएसएनएलने 'डेटावन' सुरू केलं आणि पुण्याच्या चिरंजीवांनी धोशा लावला, "अण्णा, आता तरी घ्या." गुरुजींनी माहितीपत्रक मागवलं. महिना २५० रुपये, ४०० एमबी. पेन्सिल घेऊन बसले. रात्री मुलाला फोन: "अरे, २५६ च्या वेगाने सलग उतरवलं तर साडेतीन तासांत महिना खलास!" २००७ च्या जानेवारीत वेग २ एमबीपीएसपर्यंत गेला. देशभर लोक खूश, गुरुजी हादरलेले. "आता सत्तावीस मिनिटांत! वेग वाढवून देतात आणि साठा तेवढाच ठेवतात. निजामाचं काय झालं? रात्री घाबरून किल्ल्यात शिरला, आत पाणी किती ते बघितलं नाही. शेवटी दिवाण ओलीस द्यावा लागला."

तरी शेवटी जोडणी झाली. मुलाने परस्पर अर्ज भरला होता. लाइनमनने स्प्लिटर बसवला, एक वायर फोनला, एक मोडेमला. "आता दिवसभर चालू ठेवा, गुरुजी. वेळेचं बिल नाही, जेवढं उतरवाल तेवढ्याचं." तो फाटकाबाहेर पडायच्या आत गुरुजींनी मोडेमचं बटण बंद केलं.

खरा फायदा झाला तो काकूंना. बोलणं तारेतून खालच्या पट्टीत जातं, नेट वरच्या पट्टीत, दोघांची गाठ पडत नाही, हे गुरुजींनी त्यांना वर्गात समजावल्यासारखं समजावलं. काकूंनी शांतपणे ऐकून घेतलं. "म्हणजे आता फोन केला तरी चालतो?" "हो." त्यांनी तिथल्या तिथे पाटोद्याच्या बहिणीला फोन लावला. डायलअपच्या वर्षांत तुंबलेलं सगळं त्या दिवशी वाहून गेलं. गुरुजी मात्र सवयीने दर तीन मिनिटांनी घड्याळ दाखवत राहिले.

पुढे मुलाने ५०० ची योजना घेऊन दिली. तिच्यात रात्री दोन ते सकाळी आठ कितीही उतरवा, हिशेब नाही. इथे गुरुजींना ब्रॉडबँड पहिल्यांदा आपलंसं वाटलं. भारनियमनाच्या त्या दिवसांत शेतीपंपाला थ्री-फेज रात्रीच मिळायची, त्यामुळे अर्धं शिवार तसंही जागं. दोनच्या ठोक्याला बॅटरी घेऊन बापे दारं धरायला निघायचे आणि खिडकीत उजेड दिसला की हाक मारायचे, "काय गुरुजी, पाणी आलं का?" "आलं, आलं! आज दाब चांगला आहे." सकाळी आठला पाच मिनिटं कमी असताना दोन्हीकडच्या मोटारी बंद.

आता मोबाइलवर रोजचा डेटा मिळतो, तोसुद्धा १ जीबीच्या वर. नातू सुट्टीत आला की तो दुपारपर्यंत संपवतो. गुरुजींचा रात्री बारापर्यंत तीन-चतुर्थांश शिल्लक असतो आणि तो बाराला वाया जातो, याचं त्यांना अतोनात दुःख आहे. कंपनीने उरलेला डेटा दुसऱ्या दिवशी पुढे ओढावा, असा अर्ज त्यांनी लिहून ठेवलाय, एका पल्सात जाईल एवढाच.

खर्ड्याला आलात तर किल्ला बघा आणि गुरुजींकडे चहाला जरूर जा. वायफायचा पासवर्डही मिळेल. फक्त त्याआधी काय बघणार आहात ते कागदावर लिहून द्यावं लागेल, चढत्या क्रमाने.