टॅपेटची फट

माझ्या मोटारसायकलीचं एक गाऱ्हाणं होतं आणि ते ती रोज सकाळी सबंध सोसायटीला ऐकवायची. टिकटिक, टिकटिक. वरच्या मजल्यावरच्या आजोबांनी एकदा विचारलंच, "शिलाई मशीन घेतलंत वाटतं?" त्याच दिवशी ऑफिसमधून परस्पर मेकॅनिक मामांचं गॅरेज गाठलं.

मामांनी इंजिनाजवळ हात नेला आणि लगेच मागे घेतला. "टॅपेट गार इंजिनाचं करतात. रात्रभर ठेवून जा."

"अहो, दहा मिनिटांचं तर काम!"

"काम दहा मिनिटांचंच आहे. गार व्हायला रात्र लागते."

आमच्या घरात टॅपेट हा शब्द तसा नवाच. वडिलांची स्कूटर टू-स्ट्रोक. तिच्या इंजिनात हे उघडझाप करणारे व्हॉल्व्हच नव्हते, तेव्हा त्यांची कुरकुरही नव्हती. फोर-स्ट्रोकचं तसं नाही. इंजिनाने मिनिटाला ५००० फेरे घेतले, की प्रत्येक व्हॉल्व्ह २५०० वेळा उघडतो आणि मिटतो. म्हणजे सेकंदाला चाळीसहून जास्त वेळा. एवढी वर्दळ ज्या दारात, त्याच्या बिजागऱ्या अधूनमधून बघायला नकोत?

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मामांच्या शेजारी उकिडवा बसलो. मॅग्नेट हळूहळू फिरवत त्यांनी टी मार्क खुणेशी जुळवला, व्हॉल्व्ह दाबून उघडणारे रॉकर दोन्ही मोकळे हलतायत ना ते बघितलं आणि रॉकर आणि व्हॉल्व्हच्या दांडीमध्ये फिलर गेजचं पातळ पातं सरकवलं. तिथे हवी असते जेमतेम मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढी फट, कित्येक गाड्यांना तर त्याहूनही कमी. कागदाच्या एका पानाएवढी म्हणा. मिटलेल्या पुस्तकातून खुणेचा कागद ओढताना हाताला जेवढं लागतं, तेवढंच पातं अडायला हवं.

"मामा, घट्टच करून टाका. आवाजच नको."

मामांनी पाना खाली ठेवला. "साहेब, वाजणारा टॅपेट परवडतो. गप्प बसलेला हेड खोलायला लावतो."

मग त्यांनी सगळं समजावलं. धातू तापला की वाढतो. त्याला वाढायला जागा म्हणून ही फट. फट फार झाली तर टिकटिक होते, झीज होते. पण निदान कळतं तरी. व्हॉल्व्ह मात्र वर्षानुवर्षं आपटून आपल्या बैठकीत थोडा थोडा खचतो, त्याची दांडी रॉकरकडे सरकते आणि फट हळूहळू मिटते. आवाज थांबतो. आपण खूश! आत व्हॉल्व्ह पुरता मिटत नसतो. कॉम्प्रेशन गळतं, सकाळी किक मारून पाय दुखतो, मायलेज उतरतं. त्यात एक्झॉस्ट व्हॉल्व्हला आपली उष्णता सोडायला मोठा आधार त्या बैठकीचाच. तिथे तो नीट टेकला नाही, तर जळतो.

मला आमच्याकडची लग्नं आठवली. मठ्ठा आंबट आहे म्हणून मांडवभर ओरडणारे काका चार जिलब्या जास्त खाऊन आनंदाने घरी जातात. खरी धास्ती "आमचं काही म्हणणं नाही" म्हणून कोपऱ्यात बसलेल्या आत्याबाईंची! ते न म्हटलेलं पुढे दहा वर्षं पुरतं.

मामांनी लॉकनट आवळला, पातं पुन्हा एकदा फिरवून पाहिलं आणि किक मारली. गाडी पहिल्या किकला सुरू झाली. कान लावला तर अगदी बारीक टिकटिक होतीच. मी मामांकडे पाहिलं. ते म्हणाले, "तेवढी असू द्या."

तेव्हा वाचकहो, गाडी कुरकुरत नाही म्हणून सर्व्हिस पुढे ढकलू नका. पुस्तिकेत लिहिलेले किलोमीटर झाले की टॅपेट तपासून घ्या. आणि गाडी आदल्या संध्याकाळीच गॅरेजला लावा. दहा मिनिटांच्या कामाला रात्र लागते.