कम्पाइल पाहावे करून

लिनक्सवर प्रोग्रॅम बसवण्याचे मार्ग मुख्यतः दोन. पहिल्यात डिस्ट्रोने तयार ठेवलेले पॅकेज मागवायचे: डेबियन-उबुंटूवर ‘ॲप्ट इन्स्टॉल’, फेडोरावर ‘डीएनएफ इन्स्टॉल’, मग पासवर्ड, मग एकदा ‘वाय’, आणि विषय संपला. दुसऱ्यात मूळ लेखकाचा सोर्स कोड टारबॉलच्या रूपात उतरवून घ्यायचा आणि आपल्याच मशीनवर कम्पाइल करायचा. पहिल्या मार्गाने प्रोग्रॅम मिळतो. दुसऱ्या मार्गाने प्रोग्रॅम मिळेल न मिळेल, चार लोकांत सांगायला विषय मात्र हमखास मिळतो.

दुसऱ्या वाटेला जाण्याची कारणे कागदोपत्री भक्कम असतात. डेबियनची स्थिर आवृत्ती साधारण दोन वर्षांनी येते आणि येण्याआधीच काही महिने तिच्यातल्या प्रोग्रॅमच्या आवृत्त्या गोठवलेल्या असतात. त्यामुळे हवी ती नवी सोय तिच्यात नसते. कधी पॅकेज करणाऱ्याने नेमका हवा तो पर्याय बंद ठेवलेला असतो. कधी पॅकेजच नसते. चौथे कारण कुणी लेखी देत नाही: हात शिवशिवतात.

विधी तीन कमांडचा आहे: कॉन्फिगर, मेक, मेक इन्स्टॉल. यातला ‘कॉन्फिगर’ हा हजारो ओळींचा स्क्रिप्ट. तो हाताने लिहीत नाहीत, 1991 साली डेव्हिड मॅकेन्झी यांनी सुरू केलेले ऑटोकॉन्फ तो तयार करते. त्याचा स्वभाव संशयी आहे. सी कम्पायलर आहे का, असल्यास चालतो का, चालत असल्यास त्यातून निघालेली फाइल चालते का, अशी उलटतपासणी तो ओळीओळीने घेतो. त्यातच ‘बांधणीचे वातावरण शहाणे आहे का’ अशीही एक ओळ येते आणि पुढे ‘होय’ उमटते. मध्यरात्री टर्मिनलसमोर बसलेल्या माणसाला हे प्रशस्तिपत्र सुखावून जाते. प्रत्यक्षात तिथे मुख्यतः घड्याळ तपासलेले असते: आत्ता तयार केलेली फाइल टारबॉलमधल्या फाइलींपेक्षा नवी दिसते ना, एवढेच. बसणाऱ्याच्या शहाणपणाची चौकशी कुठेच होत नाही.

शे-दीडशे वेळा ‘होय’ म्हटल्यावर कॉन्फिगर थबकतो आणि झेडलिब सापडत नसल्याचे जाहीर करतो. झेडलिब ही डेटा आवळण्याची लायब्ररी. निम्मे मशीन तिच्यावरच चाललेले असते. तरीही कॉन्फिगरचे म्हणणे खरे असते. प्रोग्रॅम चालवायला लागणारी लायब्ररी आणि तो कम्पाइल करायला लागणाऱ्या हेडर फाइली डिस्ट्रो वेगवेगळ्या पॅकेजांत ठेवतात. हेडरच्या पॅकेजाचे नाव फेडोरावर ‘झेडलिब-डेव्हेल’, डेबियनवर ‘झेडलिब-वन-जी-डेव्ह’. ‘वन-जी’ कुठून उपटले हे न विचारता टाइप करणे वेळेच्या दृष्टीने बरे. ते बसले की पुढची लायब्ररी अडते, ती बसली की तिची बहीण, आणि मुलाकडची पाच माणसे येणार म्हणता म्हणता अख्खे वऱ्हाड दारात उभे राहते. पॅकेजच्या मार्गानेही ही मंडळी येतातच. फक्त त्यांची नावे आणि एकूण वजन आधी सांगून परवानगी मागितली जाते.

मग ‘मेक’. हे साधन स्टुअर्ट फेल्डमन यांनी 1976 साली बेल लॅब्जमध्ये लिहिले. त्याच्या फाइलीत कमांडची ओळ टॅबनेच सुरू व्हावी लागते. आठ स्पेस देऊन भागत नाही, आणि दोन्ही डोळ्यांना सारखेच दिसतात. ही चूक फेल्डमन यांच्या लवकरच ध्यानात आली होती. पण तोवर मेक वापरणारी डझनभर माणसे झाली होती आणि त्यांची गैरसोय करणे फेल्डमन यांच्या जिवावर आले. त्या डझनभरांच्या भिडेखातर जग आजही टॅब देते. मेक चालू असताना पडद्यावरून वॉर्निंगांचा पूर वाहतो. त्या वाचू नयेत. मूळ लेखकानेही त्या पाहिल्या आहेत आणि सोडून दिल्या आहेत.

इथवरचा त्रास हा गमतीचा भाग. खरा फरक ‘मेक इन्स्टॉल’नंतर सुरू होतो, आणि तो कष्टांचा नाही, हिशोबाचा आहे. कम्पाइल पॅकेजमधला प्रोग्रॅमही झालेलाच असतो, दुसऱ्या कुणाच्या तरी मशीनवर. पण पॅकेज बसवणारे डीपीकेजी किंवा आरपीएम आपण टाकलेल्या प्रत्येक फाइलीची नोंद ठेवते. ‘काढ’ म्हटले की यादी पाहून काढते. मेक इन्स्टॉल ‘यूएसआर-लोकल’मध्ये थोडे ‘बिन’मध्ये, थोडे ‘लिब’मध्ये, मॅन्युअल ‘शेअर’मध्ये असे पांगवून मोकळे होते. ‘मेक अनइन्स्टॉल’ चालते, पण ते लेखकाने लिहिले असेल तर, आणि बांधणीचे ते फोल्डर जपून ठेवले असेल तर. ते जागा मोकळी करताना पहिल्याच दिवशी उडवलेले असते.

शिवाय बहुतेक डिस्ट्रोंत कमांड शोधताना ‘यूएसआर-लोकल’चा नंबर आधी लागतो. सहा महिन्यांनी त्या प्रोग्रॅममध्ये सुरक्षेचे भोक सापडते, डिस्ट्रो दुरुस्त पॅकेज पाठवते, वापरकर्ता कर्तव्यभावनेने ‘अपग्रेड’ करतो. चालते मात्र हाताने बांधलेली जुनी प्रतच, भोकासकट. ती अद्ययावत ठेवायची जबाबदारी ज्याच्यावर आहे, तो ती बसवल्याचे विसरलेला असतो.

यावर सोर्सवाल्यांचे ठरलेले उत्तर असे, की आयत्या पॅकेजवर भरवसा कसा ठेवायचा? प्रश्न रास्त आहे. 2006 साली डेबियनच्या पॅकेजकर्त्याने मेमरी तपासणाऱ्या एका साधनाची तक्रार मिटवण्यासाठी ओपनएसएसएल या कूटलेखनाच्या लायब्ररीतल्या ओळी बाद केल्या. तक्रार मिटली, पण किल्ल्या बनवताना लागणारी यादृच्छिकता जवळपास सगळी गेली, आणि एका प्रकारच्या व लांबीच्या किल्ल्या जेमतेम 32 हजारांच्या आसपास उरल्या. हे उघडकीला आले मे 2008 मध्ये. मूळ सोर्स स्वतः बांधणारे त्या दिवशी फार सौजन्याने वागले नसावेत.

मग मार्च 2024 मध्ये एक्सझेड या डेटा आवळणाऱ्या साधनाचे प्रकरण निघाले. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला एसएसएचने लॉगिन होताना अर्धा सेकंद जास्त लागतोय असे दिसले, त्याने पिच्छा पुरवला, आणि चोरदार सापडले. ते उघडणारी ओळ गिटमधल्या सोर्समध्ये नव्हती, प्रसिद्ध केलेल्या टारबॉलमध्ये होती. म्हणजे ‘आम्ही कोड वाचून बांधतो’ म्हणणाऱ्याने वाचला एक कोड असता आणि बांधला दुसराच. उलट हा चोर डेब किंवा आरपीएम पॅकेज बांधले जात असेल तरच जागा व्हायचा, त्यामुळे घरी हाताने कम्पाइल करणारे सुटले. आणि डेबियनची जुनाट म्हणून हिणवलेली स्थिर आवृत्तीही सुटली, कारण तिच्यापर्यंत नवे काही पोहोचतच नाही. दोन्ही पक्षांना विजय साजरा करता यावा अशी दुर्घटना क्वचित घडते.

सगळेच सोर्समधून बांधायचे या हट्टाची राजधानी म्हणजे जेंटू ही डिस्ट्रो. तिथे पॅकेज मागितले की ते घरच्याच प्रोसेसरवर कम्पाइल होते. छोटे प्रोग्रॅम मिनिटांत होतात. क्रोमियमसारखा ब्राउझर काढायला घेतला तर साध्या लॅपटॉपला तासन्‌तास पुरतो, पंखा घरघरतो, आणि तो उतरेपर्यंत नवी आवृत्ती आलेली असते. डिसेंबर 2023 मध्ये जेंटूनेही नेहमीच्या संगणकांसाठी आयती बायनरी पॅकेजे मोठ्या प्रमाणावर देऊ केली. सक्ती अर्थातच नाही. पंखा ऐकायचा असेल तर मुभा आहे.

मधल्या वाटाही आहेत. ‘चेकइन्स्टॉल’ मेक इन्स्टॉलवर पाळत ठेवून त्याचे कामचलाऊ पॅकेज करून देते. ‘स्टो’ प्रत्येक प्रोग्रॅम वेगळ्या फोल्डरात ठेवून बाहेर फक्त दुवे लावते. डेबियनवर ‘ॲप्ट बिल्ड-डेप’ म्हटले की बांधणीला लागणारे सगळे एका ओळीत हजर होते. ही कमांड बहुतेकांना सगळे एकेक करून बसवून झाल्यावर कळते.

भरवशाच्या प्रश्नावर डेबियनमध्ये 2013 पासून ‘रिप्रोड्युसिबल बिल्ड्स’चे काम चालू आहे. तोच सोर्स कुणीही कुठेही बांधला तरी निघणारी फाइल बिट न्‌ बिट सारखी यावी, म्हणजे अधिकृत पॅकेजमध्ये कुणी काही घुसडले नाही हे ताडून पाहता येईल. अडचणी क्षुल्लक दिसतात पण चिवट आहेत: बांधणीची तारीख-वेळ फाइलीत उतरते, फोल्डरचे नाव उतरते, फाइलींचा क्रम दर मशीनवर बदलतो. त्या एकेक करून हटवल्यामुळे आता बहुसंख्य पॅकेजे या कसोटीला उतरतात. म्हणजे रात्रभर जागून, सगळी हेडरे जमवून, एकही चूक न करता कम्पाइल केले, तर सकाळी हाती येते ती अगदी तीच फाइल, जी ‘ॲप्ट’ने काही सेकंदांत आणून दिली असती.