बॅटरी बसली की गाव उभं राहतं

आमच्या तासगावकडे माणूस आजारी पडला, की लोक चांगल्या डॉक्टरचं नाव सांगतात. गाडीची बॅटरी बसली, की जो तो स्वतःच डॉक्टर होतो. हे ज्ञान मला आप्पांच्या, म्हणजे माझ्या थोरल्या चुलत्यांच्या, ४०७ मुळे झालं.

टाटांची ४०७ ही छोटी मालवाहू गाडी बाजारात आली १९८६ साली. आप्पांची गाडी त्या पहिल्या फळीतली नाही, पण तिच्याकडे बघून कुणाचा तसा समज झाला तर त्याला दोष देता येणार नाही. हंगामात द्राक्षांचे क्रेट, हंगाम सरला की बेदाण्याचे बॉक्स, मधल्या काळात विटा, वाळू, कडबा, असं सगळं तिनं वाहिलंय. डावं दार आतून दोरीनं बांधलेलं असतं. समोरच्या मीटरांपैकी एकही खरं बोलत नाही. दर वर्षी पासिंगच्या आधी आप्पा तिला रंग देतात आणि उरलेल्या उत्साहात स्वतःच्या मिशांनाही.

तर या गाडीला सकाळी सेल्फ मारला, की नुसतं ‘टक्’ व्हायला लागलं. ड्रायव्हर मामांनी तोडगा काढला. गाडी उतारावर लावायची, सकाळी दुसऱ्या गिअरात सोडून द्यायची आणि वेग आला की क्लच सोडायचा. त्यामुळे गाडी कुठं उभी करायची हे जागा बघून नव्हे, तर चढ बघून ठरू लागलं. माल उतरवायचा बाजार समितीत आणि गाडी पलीकडच्या टेकावर. सपाटीला लावलीच, तर धक्क्याला माणसं गोळा करावी लागत आणि धक्का मारणाऱ्यांना नंतर चहा. या चहाचा हिशेब काकूंनी एका रात्री मांडला, आणि नव्या बॅटरीचा विषय घरात पहिल्यांदा गंभीरपणे निघाला.

बातमी पारावर जायला वेळ लागला नाही. पहिला प्रश्न आला, “प्लेटा किती?” आमच्याकडं बॅटरी प्लेटांवर मोजतात. कुणी अकरा सांगितल्या, कुणी पंधरा, कुणी सतरा. सोळा मात्र कुणीच सांगितल्या नाहीत. त्यामागं शास्त्र आहे. प्रत्येक सेलमध्ये सहसा ऋण प्लेट धन प्लेटपेक्षा एकानं जास्त असते, दोन्ही टोकांना ऋणच येते, म्हणून आकडा विषम. पारावर याचं कारण कुणाला माहीत नव्हतं, पण विषम आकड्यावर एकमत होतं. मग लाल खोक्याची बॅटरी घ्या म्हणणारे आणि हिरव्या खोक्याची घ्या म्हणणारे असे दोन तट पडले. कोण कुठल्या तटात आहे हे कळायला ग्रामपंचायतीची मागची निवडणूक आठवणं पुरेसं होतं.

“नवी कशाला? ॲसिड बदला, पोरगी होईल,” हा तिसरा सल्ला. बॅटरीतलं उडून जातं ते पाणी; ॲसिड आतच राहतं. म्हणून वरून टाकायचं ते फक्त डिस्टिल्ड वॉटर. मामांनी हे प्रेमापोटी जरा सुधारून घेतलं होतं. बॅटरीला ते बाटलीतलं मिनरल वॉटर पाजत होते आणि स्वतः हौदाचं पीत होते. त्या मिनरलनीच प्लेटांचं वाटोळं होतं, हे कळल्यावर त्यांना बॅटरीपेक्षा पैशांचं वाईट वाटलं.

चौथा म्हणाला, “फरशीवर ठेवली असंल, म्हणून उतरली.” जुन्या काळी बॅटरीची पेटी लाकडाची किंवा कडक रबराची असे, तेव्हा या बोलण्यात थोडा अर्थ असेल. आताच्या प्लॅस्टिकच्या खोक्याला फरशी काय आणि गादी काय. पाचव्यानं सरळ सांगितलं, “मोठ्या ट्रकला असत्यात तशा दोन जोडा. डबल ताकद!” मोठ्या ट्रकला दोन असतात हे खरं, पण तिथं सगळा संसारच २४ व्होल्टचा असतो. ४०७ बारा व्होल्टवर चालते. तिला चोवीस दिले असते, तर निदान एकदा तरी तिचे सगळे दिवे एकदम लख्ख लागले असते.

सहावा काहीच बोलला नाही. त्यानं फक्त गाडी विकत मागितली.

शेवटी मिस्त्री आला. हा माणूस कमी बोलतो, म्हणून पारावर त्याला कुणी फारसा हुशार मानत नाही. त्यानं मल्टिमीटर लावला. बॅटरीत सहा सेल, प्रत्येकी दोन व्होल्टच्या किंचित वर. पूर्ण भरलेली आणि निवांत असलेली बॅटरी १२.६ च्या आसपास दाखवते. आमची बाराच्याही खाली होती. रात्रभर चार्जिंगला लावून सकाळी लोड टेस्टर टेकवला, तर काटा लगेच झोपला. मग त्यानं दुसरी बॅटरी लावून इंजिन चालू केलं आणि पुन्हा मीटर धरला. चौदाच्या जवळ आकडा आला. “अल्टरनेटर जिवंत हाय,” तो म्हणाला. “न्हाई तर नवी बॅटरी आणली असती आणि तीबी चार दिसांत बसली असती.” अर्थची गंजलेली वायर त्यानं तेवढ्यातच बदलली. पारावर पाच सल्ले मिळाले होते, पण मोजायला कुणी गेलं नव्हतं.

“गाडीच भंगार, तिला नवी बॅटरी कशाला? एखादी जुनी बघा,” असं आप्पांच्या मनात होतं. मिस्त्री म्हणाला, “उलटं हाय, आप्पा. डिझेलला ठिणगी नसती. हवा दाबून तापवायची, तवा पेटतं. तुमच्या इंजिनाचा दाब कमी झालाय, त्याला सेल्फ जास्त येळ फिरवाय लागतो. म्हातारीलाच तगडी बॅटरी लागती.” आप्पा तरुणपणी जीपला पुढून हँडल मारून मनगटं सुजवून घेतलेले. सेल्फ ही चैन १९१२ साली कॅडिलॅक मोटारीत आली हे मी त्यांना सांगितलं, तेव्हा ते म्हणाले, “आमच्यापतुर यायला लई येळ लावला तिनं.”

दुकानात जाताना मिस्त्रीनं जुनी बॅटरी सोबत घ्यायला लावली. तिच्यावरचे आकडे वाचायचे, ॲम्पिअर-अवर तेवढेच किंवा जरा जास्त घ्यायचे, कमी नाही. दुकानदार बरीच मोठी गळ्यात मारू बघत होता. जास्त क्षमतेनं गाडीचं काही बिघडत नाही, पण ती ट्रेमध्ये नीट बसून क्लँपनं आवळली गेली पाहिजे. आमच्या रस्त्यांवर सैल बॅटरी आतून प्लेटा झाडत जाते. मग टर्मिनल कुठल्या बाजूला आहे ते बघायचं. ते उलट आलं तर केबल पोचत नाही. धन टर्मिनल ऋणापेक्षा जाड असतं, तेवढी एक दया कारखानदारांनी केली आहे.

“कंपनीतून कालच आली,” दुकानदार म्हणाला. मिस्त्रीनं बोटानं खोक्यावरची धूळ पुसली आणि खाली कोरलेला तारखेचा शिक्का वाचला. बॅटरी फळीवर बसूनही उतरते, तिच्या प्लेटांवर सल्फेट धरतं. शिक्का वाचल्यावर आतल्या खोलीतून खरोखरची ताजी बॅटरी आली. वॉरंटी कार्डावर निम्मे महिने फुकट बदलून आणि निम्मे महिने प्रोरेटा होते. आप्पांनी विचारलं, “म्हंजे मधीच मेली तर निम्मं सुतक आमच्याकडं का?” दुकानदारानं मान हलवली.

जुनी बॅटरी आप्पांना लाइट गेल्यावर लागेल म्हणून घरी न्यायची होती. पण तिच्यातल्या शिशाला मोल असतं आणि ते बिलातून वजा होतं, हे ऐकताच त्यांचा जीव तिच्यावरून उडाला. शिसं विषारी, उघड्यावर भट्टी लावून ते वितळवणाऱ्याच्या हाती जाण्यापेक्षा दुकानात परत गेलेलं बरं. २०२२ च्या नियमांनी वापरलेल्या बॅटरीची जबाबदारी बनवणाऱ्यांवर टाकली आहेच.

घरी बसवताना मिस्त्रीनं अर्थची वायर शेवटी जोडली. काकूंनी हळदकुंकू वाहिलं, तेही थेट टर्मिनलवर. मिस्त्रीनं नमस्कार केला, फडक्यानं ते पुसलं आणि व्हॅसलीन लावलं. श्रद्धेला धक्का नाही आणि गाडीलाही नाही.

तेव्हा जुन्या गाडीला बॅटरी घ्याल, तर आधी अल्टरनेटर तपासा. मग आकडे, माप, टर्मिनल आणि तारीख बघा. खोक्याचा रंग सगळ्यात शेवटी. आणि पारावर कुणी “कितीला पडली?” विचारलं, तर खरी किंमत सांगू नका. तो त्यापेक्षा पाचशेनं स्वस्त देणाऱ्याला ओळखत असतो.