चंद्रतळ अल्फाच्या कमांडरसाहेबांस

राजमान्य राजश्री कमांडर जॉन कोनिग, चंद्रतळ अल्फा, मुक्काम अनिश्चित, यांस सा. न. वि. वि.

जेरी व सिल्व्हिया अँडरसन या दांपत्याने १९७५ साली ब्रिटिश दूरचित्रवाणीवर आणलेल्या ‘स्पेस: १९९९’ या मालिकेत आपण ज्या दिवशी चंद्रासह पृथ्वीचा निरोप घेतला, तो १३ सप्टेंबर १९९९ हा दिवस आमच्या पंचांगात भाद्रपद शुद्ध चतुर्थीचा, म्हणजे चंद्र दृष्टीस पडल्यास खोटा आळ येतो या भयाने अवघा महाराष्ट्र खाली मान घालून वावरतो तो, निघाला, सबब आपल्या प्रस्थानाचा साक्षीदार या मुलखात मिळणे नाही, आणि आपणावर जे आळ घ्यावयाचे ते ४८ भाग पुन्हा पाहूनच घेणे मला प्राप्त झाले.

चंद्राच्या पाठीवर साठवलेला आण्विक कचरा पेटतो आणि त्याच्या धक्क्याने चंद्र कक्षा सोडून चालू लागतो, ही आपली मूळ कैफियत. एवढा स्फोट चंद्राला ढकलण्याऐवजी त्याच्या ठिकऱ्या उडवील, आणि तो वाचलाच तरी नजीकच्या ताऱ्यापर्यंत जाण्यास शतके लोटतील, असा आक्षेप आयझॅक आसिमोव्ह यांनी नोंदवला होता. त्या ताऱ्याहून प्रकाशालाही इकडे येण्यास सव्वाचार वर्षे लागतात. आपला चंद्र मात्र दर भागात नव्या ग्रहाच्या वेशीवर हजर, आणि तेथे पोचताच इतका सुस्त की, आपली ईगल याने खाली उतरून, तेथील रहिवाशांशी यथास्थित भांडून, सुखरूप परत यावीत! परंतु ज्या समाजाने पुष्पक विमानाच्या इंधनाची कधी चौकशी केली नाही, त्यातील मनुष्याने आपल्या वेगाचा हिशेब मागणे अशोभनीय होईल. हा आक्षेप मी दप्तरी दाखल करून सोडून देतो.

माझी तक्रार निराळीच आहे. पहिल्या वर्षी आपण व डॉक्टर हेलेना रसेल (मार्टिन लँडाऊ व बार्बरा बेन तेव्हा प्रत्यक्षातही पतिपत्नी होते) शेजारच्या खोलीत कोणी आसन्नमरण असावे अशा दबल्या स्वरात बोलत होता, कथानक वरचेवर पेंगत होते, हे खरे. तथापि त्या उंच, शुभ्र नियंत्रणकक्षात कृत्रिम हृदयाचे वृद्ध प्राध्यापक व्हिक्टर बर्गमन अज्ञातासमोर ज्या विनयाने उभे राहत, त्यात काही गांभीर्य होते, आणि ब्रायन जॉन्सन यांच्या हातची ती ईगल याने तर आजही खोटी वाटत नाहीत.

मग दुसऱ्या वर्षी कारभार फ्रेड फ्रायबर्गर यांच्याकडे आला. ‘स्टार ट्रेक’चे तिसरे आणि अखेरचे वर्ष ज्यांच्या हातून पार पडले तेच हे गृहस्थ. नियंत्रणकक्ष आक्रसून तळघरात गेला, विनोद सक्तीचा झाला, आणि सायकॉन ग्रहाची माया क्षणात पशू, क्षणात पक्षी होऊ लागली. मायेविषयी माझे काही म्हणणे नाही; कॅथरीन शेल यांनी त्या कन्येत जीव ओतला आणि पुष्कळदा पडद्यावर तेवढ्याच जिवंत होत्या. परंतु बर्गमन कोठे गेले? नियंत्रणकक्षातले आपले सहकारी पॉल मॉरो कोठे, केनो कोठे? नटांचे करार पुढे चालले नसतील, तो निर्मात्यांचा व्यवहार झाला. ज्या ३११ माणसांच्या वस्तीतून बदलीवर जायला दुसरा गाव नाही, पेन्शन घेऊन परतायला घर नाही आणि राजीनामा स्वीकारायला सरकार नाही, तेथून आपला निकटतम सल्लागार नाहीसा होतो, आणि आपण एक शब्दही उच्चारत नाही! असंभाव्य विज्ञान आम्ही आनंदाने गिळले असते. ज्याच्या मसलतीवर वर्षभर प्राण वाचवले त्याचे विस्मरण घशाखाली उतरत नाही. आपणास तिसरे वर्ष मंजूर झाले नाही, हा निवाडा मला रास्त वाटतो.

तरी कृपावंत होऊन, हजेरीपटात प्राध्यापक बर्गमन यांच्या नावापुढे कोणता शेरा मारावा, मयत, फरारी की रजेवर, एवढा खुलासा सत्वर पाठवावा.

कळावे, लोभ असावा ही विनंती.

आपला,
एक जुना प्रेक्षक