तराजू

डोंबिवलीहून सव्वाआठची फास्ट पकडणाऱ्या आमच्या टोळक्यात खऱ्या नावाने हाक मारायची पद्धत नाही. एकाला सगळे ‘चौथी सीट’ म्हणतात, कारण गेली बावीस वर्षं तो अर्धं बूड बाकावर आणि अर्धं अधांतरी ठेवून व्हीटी गाठतो. एक ‘पंचांग’ आहे. आणि ज्याच्याबद्दल सांगायचं आहे, तो ‘तराजू’.

हे नाव त्याला उगाच पडलेलं नाही. २०११ साली, गणपती उठल्यानंतरच्या रविवारी, हा गृहस्थ सकाळी सकाळी भाजीवाल्या मावशींसमोर उभा राहिला आणि म्हणाला, “पाचशे पाच ग्रॅम बटाटे एका पिशवीत, चारशे पंच्याण्णव दुसऱ्या पिशवीत.” मावशींनी त्याच्याकडे नीट पाहिलं. रविवारी सकाळी पिऊन येणारं गिऱ्हाईक त्यांनी पाहिलेलं होतं, पण ते इतकं नेमकं बोलत नाही. शेवटचे दहा ग्रॅम बटाट्यात काही जमेनात, तेव्हा त्यांनी वर कोथिंबिरीच्या काड्या घालून काटा जुळवला. तराजूने एकेक पिशवी एकेका खांद्याला अडकवली आणि फडके रोडने गणपतीच्या देवळापर्यंत जाऊन परत आला.

“जाणवतो फरक,” सोमवारी गाडीत त्याने जाहीर केलं. “पण खांदे बदलले की उलटा जाणवतो.”

निकॉन डी ३१०० चं वजन बॅटरी आणि कार्डासकट ५०५ ग्रॅम, कॅनन ११०० डी चं ४९५. त्याला या दोघांतला एक घ्यायचा होता. मुलगी बालवाडीत होती, डिसेंबरच्या स्नेहसंमेलनात ससा होणार होती आणि सशाचे फोटो ‘चांगल्या कॅमेऱ्याने’ काढायचे होते. म्हणजे हातात तीन महिने होते. कुणालाही पुरले असते.

आता या दोन कॅमेऱ्यांत फरक नव्हताच असं नाही. निकॉनचे १४.२ मेगापिक्सेल, कॅननचे १२.२. निकॉनचा पडदा तीन इंची, कॅननचा २.७. निकॉनला फोकसचे अकरा बिंदू, कॅननला नऊ. व्हिडिओ निकॉनचा मोठा. एवढं ऐकून साधा माणूस निकॉन घेऊन घरी जातो आणि जेवतो. पण तराजूचा स्वभाव असा, की एक पारडं खाली गेलं की त्याला दुसऱ्या पारड्याची दया येते. “एक मिनिट,” तो म्हणायचा. “निकॉनच्या या बॉडीत फोकसची मोटर नाही. जुनी पन्नास एमएमची स्वस्त लेन्स लावलीत तर फोकस हाताने करावा लागेल. कॅननला त्यांची पन्नास लावा, आपोआप फोकस.” हे खरं होतं. त्याला पन्नासची लेन्स घ्यायची नव्हती, हेही खरं होतं. मग आम्ही बरं, कॅनन घे म्हटलं, की तो लगेच स्पॉट मीटरिंग काढायचा. ते कॅननच्या या मॉडेलात नव्हतं. ज्याची बाजू तुम्ही घ्याल, त्याच्याविरुद्ध हा उभा. मला वाटतं तो वकील व्हायला हवा होता. फक्त दोन्ही पक्षांनी एकच वकील नेमायची सोय न्यायालयात नाही.

गाडीत सरळ दोन पक्ष पडले. चौथी सीट कॅननवाला. पंचांग निकॉनवाला, कारण त्याच्या मेहुण्याकडे निकॉन होता आणि मेहुणा सुखी होता. मुंब्र्याच्या बोगद्यात दिवे गेले की अंधारातून तराजूचा आवाज यायचा: “आणि क्रॉप फॅक्टरचं काय?”

क्रॉप फॅक्टर हे प्रकरण त्याने आम्हाला रुमालाची घडी घालून समजावलं होतं. दोघांचीही किट लेन्स अठरा ते पंचावन्नचीच. पण कॅननचा सेन्सर किंचित लहान, त्यामुळे अठराला निकॉनमधून दिसतं सत्तावीसइतकं, कॅननमधून अठ्ठावीस पूर्णांक आठ. “म्हणजे काय, सांगतो,” तो म्हणाला. “आमच्या हॉलमध्ये सत्यनारायणाला मी शोकेसला पाठ टेकवून उभा राहिलो, तर निकॉनमध्ये सगळे येतात. कॅननमध्ये एक मावशी कटते.”

“कुठली मावशी?” चौथी सीटने विचारलं.

तराजू गंभीर झाला. डोंबिवलीची मावशी कटली तर चालण्यासारखं होतं, पण ती नेहमी मधे बसते. कडेला असते ती बदलापूरची, आणि तिने याच्या फ्लॅटला डिपॉझिट दिलं होतं.

लेन्स बसवायचीही भानगड होती. समोरून पाहिलं तर कॅननची लेन्स उजवीकडे फिरवून बसते, निकॉनची डावीकडे. तराजूने घरातल्या बरण्यांची झाकणं तपासली. एकूण एक बरणी कॅननच्या बाजूने. लोणच्याचीसुद्धा. त्या आठवड्यात कॅनन बराच पुढे होता. तेवढ्यात बायको म्हणाली, “अहो, तो कॅनन लाल रंगातही मिळतो म्हणता ना? मग लाल घ्या आणि मोकळे व्हा.” झालं! कुणीतरी मोकळं व्हायला सांगितलं, की तराजू तिथून पुढे हलत नाही.

त्याचं ऑफिस फोर्टात. जेवणाच्या सुट्टीत डबा दहा मिनिटांत संपवून तो बोरा बाजारात एका कॅमेऱ्याच्या दुकानात जायचा. दुकान म्हणजे दोन माणसं आणि एक काचेचा काउंटर मावेल एवढं. शेठ कच्छी, पांढऱ्या सफारीतले, बोलायला मृदू. पहिल्या दिवशी त्यांनी दोन्ही कॅमेरे काढून दाखवले आणि म्हणाले, “साहेब, दोन्ही चांगला हाय.” हे वाक्य त्यांनी कुठल्या मुहूर्तावर उच्चारलं कोण जाणे, त्यांना ते पुढे दहा वर्षं म्हणावं लागलं.

तराजू स्वतःचं कार्ड घेऊन जायचा. दोन्ही कॅमेऱ्यांत एसडी कार्ड चालतं, या एका बाबतीत दोन्ही कंपन्यांचं एकमत असल्याचं त्याला फार समाधान होतं. कार्ड घालायचं, फोटो काढायचा, घरी संगणकावर शंभर टक्के मोठा करून पाहायचा. फोटो कशाचा? दुकानात काढण्यासारखं होतं काय! शेठ, आणि शेठच्या मागची भिंत. भिंतीवर गुजराती कॅलेंडर होतं. ते याला वाचता येईना, म्हणून याने पदरचं मराठी कालनिर्णय आणून तिथे टांगलं. मग आयएसओ सोळाशेला संकष्टीच्या चंद्रोदयाची वेळ वाचता येते का, बत्तीसशेला येते का, अशा चाचण्या सुरू झाल्या. शेठना हलायची मनाई. गिऱ्हाईक आलं तरी ते मान न वळवता “आवो, बैठो” म्हणायला शिकले. घरच्या संगणकावर दोन फोल्डर तयार झाले: ‘शेठ निकॉन’ आणि ‘शेठ कॅनन’.

मला हे सगळं माहीत आहे कारण मीही त्याच्यासोबत जायचो. एका दुपारी शेठनी निकॉनबरोबर बॅग फुकट देतो म्हणून सांगितलं, आणि मी घेऊन टाकला. तराजू पुढे दोन स्टेशनं माझ्याशी बोलला नाही. सँडहर्स्ट रोडला म्हणाला, “बॅगेवरून कॅमेरा घेतलास!” भायखळ्याला मात्र जवळ सरकला. “निकॉनच्या फाइलीत किती वेळा शटर उडालं त्याचा आकडा असतो. या कॅननमध्ये तो दिसत नाही. मला दर महिन्याला एक फाइल पाठव.” तेव्हापासून माझ्या कॅमेऱ्याची तब्येत माझ्यापेक्षा त्याला जास्त ठाऊक असते. सहल करून आलो की दुसऱ्या दिवशी विचारतो, “काशिदला चारशे बारा? इतकं काय होतं तिथे?”

नोव्हेंबरपर्यंत त्याला घ्यावा लागलाच असता. पण ऑक्टोबरमध्ये थायलंडला महापूर आला आणि अयुथ्थयाचा निकॉनचा कारखाना पाण्यात गेला. बातमी वाचून तराजू हळहळला; पण त्याच्या चेहऱ्यावर, परीक्षा पुढे ढकलली गेल्यावर मुलांच्या चेहऱ्यावर येतं, तसं काहीतरी होतं. “आता माल येणार नाही,” तो म्हणाला.

“मग कॅनन घे!”

“छे. एक पैलवान आजारी असताना कुस्ती लावायची नसते.”

ससा स्टेजवर आला तेव्हा फोटो मी काढले. पहिल्या रांगेतून वाकून, माझ्या फुकट बॅगेसकट. तराजूने ते पाहिले, डोळे ओले झाले, आणि म्हणाला, “कॅननमध्ये कानाचा गुलाबी जरा जास्त उठला असता.”

पुढची वर्षं काही सांगण्यासारखी नाहीत. मॉडेलं बदलली, एवढंच. एप्रिल २०१२ मध्ये डी ३२०० आला, एकदम २४.२ मेगापिक्सेलचा, आणि सगळं पहिल्यापासून सुरू झालं. कॅननला वेळ द्यायला हवा, या न्यायबुद्धीने तो २०१४ च्या १२०० डी साठी थांबला. तोवर डी ३३०० येऊन बसला. १३०० डी ला वायफाय, तर डी ३४०० ला ब्लूटूथ. २०१८ साली १५०० डी आणि डी ३५०० समोरासमोर आले तेव्हा एकाचे २४.१ मेगापिक्सेल होते आणि दुसऱ्याचे २४.२. मी म्हटलं, आता तरी सोड, फरक शून्य पूर्णांक एकचा राहिला. त्याने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मला माझ्या शिक्षणाची लाज वाटली. “शून्य पूर्णांक एक मेगापिक्सेल म्हणजे एक लाख पिक्सेल. एक लाख! लाखाला तू काहीच म्हणत नाहीस?”

ससा तोवर सहावीत गेला होता आणि फोटो मोबाइलवर स्वतःच काढत होता.

गंमत म्हणजे एव्हाना निम्म्या डब्याने तराजूच्या सल्ल्याने कॅमेरे घेतले होते. तो कोणाला काय घे ते सांगायचा नाही, पण अर्धा तास ऐकल्यावर माणूस इतका घाबरायचा की जो हाताला लागेल तो घेऊन पळायचा. शेठचा धंदा त्यामुळे बरा चालला. त्यांनी याला कधी “घेणार कधी?” म्हणून विचारलं नाही. एक वाजून दहा मिनिटं झाली की दोन कॅमेरे काउंटरवर, कटिंग सांगितलेला आणि शेठ कालनिर्णयासमोर ताठ.

मग शेठ गेले. दोन दिवस दुकान बंद होतं. तिसऱ्या आठवड्यात शेठच्या मुलाचा तराजूला फोन आला. जरा चाचरतच बोलला. आयुष्यभर कॅमेरे विकलेल्या माणसाचा भिंतीवर लावण्यासारखा एक फोटो घरात नव्हता. लग्नातले होते, घोळक्यातले, अर्धवट. “अंकल, आपके पास पप्पा का कोई होगा?”

तराजूकडे सहाशे चाळीस होते. वर्षवार, आयएसओवार. काळ्या मिशीपासून पांढऱ्या मिशीपर्यंत, सगळे समोर बघणारे, न हललेले, मागे चंद्रोदयाच्या वेळा. त्या रात्री त्याने मला घरी बोलावलं. बायको-मुलगी झोपल्या होत्या. संगणकावर दोन फोटो शेजारी शेजारी उघडलेले. एकाच दुपारचे, दोन मिनिटांच्या अंतराने काढलेले. दोन्हीत शेठ किंचित हसत होते, चहा येताना दिसल्यावर माणूस हसतो तसे.

“निकॉनमध्ये सफारीची इस्त्री दिसते,” तो म्हणाला. “कॅननमध्ये माणूस दिसतो. पण इस्त्रीचाही त्यांना अभिमान होता.”

मी काही बोललो नाही. पहाटे दोनला त्याने दोन्ही पेनड्राइव्हवर घातले.

बोरा बाजारातल्या त्या दुकानात आता काउंटरच्या वर शेठचे दोन फोटो आहेत. दोन्हींना चंदनाचे हार, दोन्हींवर लाल दिवा. नवीन गिऱ्हाईक बघतं आणि हळूच विचारतं, “जुळे होते का?”