डेटा तुमचा, दंड सरकारचा

एखाद्या रुग्णालयाने तुमचे तपासणी अहवाल, फोन नंबर आणि विम्याची माहिती नीट सांभाळली नाही. ती फुटली. त्याच माहितीच्या जोरावर कुणीतरी विमा कंपनीचा माणूस म्हणून फोन केला आणि तुमच्या खात्यातली आयुष्यभराची जमा काढून नेली. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, २०२३ म्हणतो, माहितीच्या सुरक्षेत अशी कुचराई करणाऱ्या संस्थेला २५० कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. आकडा ऐकून हायसे वाटते. पण त्यातले तुम्हाला किती मिळणार? एक रुपयाही नाही. कलम ३४ प्रमाणे दंडाची सगळी रक्कम भारताच्या एकत्रित निधीत जाते.

रस्त्यावर मोटारीने उडवले तर चालकावर खटला वेगळा चालतो आणि जखमीला अपघात न्यायाधिकरणाकडून भरपाई वेगळी मिळते. दंड सरकारने घेतला म्हणून जखमीचा दवाखान्याचा खर्च माफ होत नाही, हे या देशात कुणालाही समजावून सांगावे लागत नाही. डेटाच्या बाबतीत मात्र कायदा करणाऱ्यांनी जखमी माणूसच कागदावरून वगळला.

वगळला, हा शब्द मी विचार करून वापरतो आहे. कारण भरपाईचा हक्क आपल्याकडे होता. माहिती तंत्रज्ञान कायद्यात २००८ च्या दुरुस्तीने कलम ४३-अ आले. संवेदनशील माहिती सांभाळण्यात कंपनीने हलगर्जीपणा केला आणि त्यातून तुमचे नुकसान झाले, तर कंपनीने भरपाई द्यायची. त्यासाठी दिवाणी कोर्टाच्या पायऱ्या झिजवायचीही गरज नव्हती. पाच कोटींपर्यंतच्या दाव्यांचा निवाडा राज्याचे माहिती तंत्रज्ञान सचिव न्यायनिर्णय अधिकारी म्हणून करतात.

महाराष्ट्रात हे कागदावर राहिले नाही. पुण्यातल्या एका उद्योगाच्या पंजाब नॅशनल बँकेतल्या खात्यातून ८०.१० लाख रुपये गेले. उद्योगाच्या चालकाने एका फसव्या ईमेलला उत्तर दिले होते. अशा वेळी बँकेचे ठरलेले उत्तर असते: चूक तुमची, आम्ही काय करणार! २०१३ मध्ये तेव्हाचे सचिव राजेश अग्रवाल यांनी हे उत्तर चालू दिले नाही. ईमेलला उत्तर देण्यात तक्रारदाराचाही दोष आहे, हे त्यांनी धरले. पण चोरीचा पैसा ज्या खात्यांत वळवला गेला, ती बनावट खाती उघडताना बँकेने पुरेशी तपासणी केली नव्हती, हेही धरले आणि बँकेला ४५ लाख रुपये द्यायला सांगितले. दोघांच्या चुका मोजून केलेला असा निवाडा सामान्य माणसाला पटतो.

ती व्यवस्था निर्दोष होती असे कुणी म्हणणार नाही. सचिवांच्या निकालावर अपील ऐकणाऱ्या सायबर अपील न्यायाधिकरणाला २०११ च्या मध्यापासून अध्यक्षच नव्हता. अखेर २०१७ मध्ये ते दूरसंचार न्यायाधिकरणात विलीन केले गेले. तोवर अपिले धूळ खात पडली. खुर्ची रिकामी असेल तर ती भरायची असते. इथे हक्कच काढून टाकायचे ठरले. नव्या कायद्याचे कलम ४४ (२) जुने ४३-अ सरळ वगळते. उरते कलम ४३. त्याखाली भरपाई मागायची ती प्रामुख्याने संगणकात घुसणाऱ्या चोराकडून. तो झारखंडात आहे की कंबोडियात, हे पोलिसांनाही महिनोन् महिने कळत नाही, तिथे भरपाई वसूल कोण करणार?

हे नजरचुकीने झाले, असेही म्हणता येत नाही. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे एकमताने सांगितले. त्याच सुमारास सरकारने नेमलेल्या न्यायमूर्ती बी. एन. श्रीकृष्ण समितीने २०१८ मध्ये जो मसुदा दिला, त्यात नुकसान झालेल्या व्यक्तीला भरपाई देण्याचे स्वतंत्र कलम होते. मुंबई दंगलींचा अहवाल लिहिणारे हेच न्यायमूर्ती; पीडिताला विसरून कायदा लिहिणाऱ्यांतले ते नव्हेत. २०१९ च्या विधेयकातही भरपाई होती. ते विधेयक ऑगस्ट २०२२ मध्ये मागे घेतले गेले आणि नोव्हेंबरमध्ये नवा मसुदा आला तेव्हा भरपाई त्यातून गायब झाली होती. युरोपच्या डेटा संरक्षण नियमावलीत ती २०१८ पासून आहे आणि तिथल्या कंपन्या काही बुडाल्या नाहीत.

नव्या कायद्याखाली तक्रार कुठे करायची? नवे डेटा संरक्षण मंडळ डिजिटल कार्यालय म्हणून चालणार आहे. तक्रार, सुनावणी, निर्णय सगळे ऑनलाइन. गडचिरोलीच्या माणसाला दिल्लीचे तिकीट काढावे लागणार नाही, ही गोष्ट चांगलीच आहे. पण आधी कंपनीच्याच तक्रार खिडकीवर जायचे. उत्तर द्यायला नियमांनी कंपनीला ९० दिवसांपर्यंत मुदत दिली आहे. खात्यातून गेलेला पैसा अर्ध्या तासात चार खात्यांत फिरतो, तिथे ९० दिवस! त्यानंतर मंडळ. मंडळ चौकशी करील, दंड ठोठावील, वाटल्यास दोन्ही पक्षांना मध्यस्थीला पाठवील. त्या मध्यस्थीत काही पदरात पडले तर पडले. द्यायलाच हवे असे बंधन कंपनीवर नाही. मंडळाच्या अखत्यारीतल्या बाबींत दिवाणी न्यायालयाचे दार कलम ३९ ने बंद केले आहे. आणि तुमची तक्रार खोटी किंवा क्षुल्लक ठरली तर तुम्हालाच दहा हजार रुपयांपर्यंत दंड. भरपाई मागायचा हक्क नाही, तक्रार क्षुल्लक ठरल्यास भुर्दंड मात्र आहे. अशाने कोण तक्रार करणार?

विवाद ऑनलाइन मिटवायची व्यवस्था हवीच. ती स्वस्त असते, वेळ वाचवते. पण शेवटी हातात काय मिळणार हे आधी ठरलेले नसेल, तर स्क्रीनवरची सुनावणी ही फक्त वेगाने मिळालेली निराशा ठरते. कायद्यात भरपाईचे कलम परत घालायला एक छोटी दुरुस्ती पुरेशी आहे. महाराष्ट्राचे ४८ खासदार लोकसभेत बसतात. त्यांतल्या एकाने तरी खासगी विधेयक मांडावे, प्रश्न विचारावा.

तोवर वाचकांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी. नोव्हेंबर २०२५ च्या अधिसूचनेनुसार ४३-अ वगळणारी तरतूद १८ महिन्यांनी लागू व्हायची आहे, म्हणजे मे २०२७ मध्ये. जुना हक्क आज जिवंत आहे. बँकेच्या किंवा कंपनीच्या हलगर्जीपणामुळे तुमचे नुकसान झाले असेल, तर १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार नोंदवून थांबू नका. कागद जमवा, वकिलाचा सल्ला घ्या आणि मंत्रालयात माहिती तंत्रज्ञान सचिवांकडे भरपाईचा अर्ज आत्ताच दाखल करा.